आईला घेऊन आठवडाभर क्रूझवर : बंदरांपेक्षा जहाजच जास्त बघितलं

प्रयागकाठ

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई, आमचे हे, मुलगा आणि मी असे चौघं सात रात्रींच्या क्रूझला जाऊन आलो. इटलीतल्या जेनोआहून निघायचं, मग नेपल्स, मेसिना, माल्टाचं व्हॅलेटा, एक अख्खा दिवस नुसता समुद्र, पुढे बार्सिलोना, मार्से आणि परत जेनोआ. जहाज एमएससी वर्ल्ड युरोपा. आल्यापासून आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीत जो भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो, बोट लागली का आणि कुठली कुठली गावं बघितली. जहाज कसं होतं हे कुणीच विचारत नाही. मला तेच सांगायचंय.

त्याआधी आईबद्दल सांगायला हवं. माझं माहेर पंचगंगेकाठचं प्रयाग चिखली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आई दोन रात्री शेजाऱ्यांच्या माडीवर होती. तिसऱ्या दिवशी रबरी बोटीतून तिला बाहेर काढलं. निघताना तिने म्हशींची दावी सोडून दिली, तेवढंच तिच्या हातात होतं. त्यानंतर रंकाळा तलावावर फिरायला नेलं तरी ती कठड्यापासून लांबून चालायची. आणि हीच बाई नातवाच्या मोबाईलवर जहाजाचा फोटो बघून म्हणाली, "मला न्या." मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच.

जेनोआच्या धक्क्यावर टॅक्सीतून उतरलो तर समोर खिडक्याच खिडक्यांची एक पांढरी भिंत. ती जहाजाची बाजू आहे हे कळायला क्षणभर गेला. ३३३ मीटर लांब, म्हणजे एसटीच्या साधारण तीस गाड्या एकीमागे एक लावाव्यात एवढं. रुंदी ४७ मीटर. मजले २२. आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यात अख्ख्या चिखलीची गुरं मावली असती गं."

केबिनमध्ये पोचल्यावर पहिलं काम सुरक्षेचं. कपाटात नारिंगी लाईफ जॅकेटं असतात, ती कशी घालायची ते टीव्हीवर दाखवतात, मग आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवून यायचं. मी आईला जॅकेट घालून द्यायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. स्वतः डोक्यातून घातलं, पट्टा मागून पुढे घेतला, बकल लावलं आणि खांद्याशी धरून वरच्या बाजूला दोनदा ओढून बघितलं. म्हणाली, "त्या पोरानं असंच ओढून बघितलं होतं." तो पोरगा म्हणजे पुरात बोट घेऊन आलेला जवान. मग ती नातवाचं जॅकेट बांधायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं, रोज दोन-तीन मजले पूर्ण बघायचे. आईचे गुडघे दुखतात म्हणून वर-खाली करायला लिफ्ट, पण मजल्यावर आलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी. केबिनच्या मजल्यावरचा बोळ इतका लांब की टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. दारं सगळी सारखी, त्यामुळे पहिले दोन दिवस आपण पुढे चाललोय की मागे हेच कळायचं नाही. मुलाने खूण शोधली : प्रत्येक जिन्यापाशी जहाजाचा नकाशा असतो आणि त्यावर आपण कुठे उभे आहोत ते दाखवलेलं असतं. लिफ्टमध्ये १६ च्या बटणानंतर थेट १८. इटलीत १७ हा आकडा अशुभ धरतात, म्हणून त्या मजल्याला नंबरच नाही. अमावास्येला नवीन काम न काढणाऱ्या आईला हे न समजावता कळलं.

जहाजाचा मागचा भाग मधून दुभंगलेला आहे आणि त्या फटीत १०४ मीटर लांबीची एक उघडी गल्ली आहे. दोन्ही बाजूंना वरपर्यंत बाल्कन्या, खाली दुकानं, बसायला बाकं, गल्लीच्या शेवटी थेट समुद्र. शेवटाला ११ मजले उंचीची घसरगुंडी, मुलाचा मुक्काम तिथेच. आई संध्याकाळी तिथल्या बाकावर बसून येणारी-जाणारी माणसं बघायची. कोण कुठल्या देशाचं, कुणाच्या पोराला भूक लागलीय, तिसऱ्या दिवशी तिला सगळं ठाऊक.

नेपल्सला आम्ही उतरलोच नाही. बरीच माणसं पाँपेईचे अवशेष बघायला गेली आणि जहाज मोकळं झालं. व्हेसुव्हियस ज्वालामुखी वरच्या मजल्यावरून दिसत होता, इसवी सन ७९ मध्ये त्यानेच पाँपेई गाडलं, ते मुलाला तिथेच उभं राहून सांगितलं. रिकामं थिएटर, वाचनाची जागा, एरवी जागा न मिळणाऱ्या पुढच्या काचेजवळच्या खुर्च्या, सगळं त्या दिवशी निवांत बघितलं. म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं, निदान एका बंदरावर उतरू नका.

व्हॅलेटाला मात्र पहाटे उठाच. ग्रँड हार्बरमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचे तट जवळ येत जातात आणि एवढं थोरलं जहाज जागच्या जागी वळतं.

समुद्रातल्या दिवशी दुपारी आई मागच्या कठड्याशी गेली. मी बोलावलं नव्हतं. जहाजामागे फेसाची फिकट निळी वाट नजर पोचेल तिथपर्यंत गेलेली, बाकी चारी बाजूंना पाणी. दोन्ही हातांनी कठडा धरून ती उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे पाणी वर चढत नाही गं."

तुमचे प्रश्न विचारा, जमतील तशी उत्तरं देईन.

उद्यमनगरकर

ताई, दावी सोडल्याचं वाचून थांबलो जरा. आमच्याकडचे तीन कामगार त्या पट्ट्यातले आहेत, प्रत्येकाकडे अशी एक आठवण आहे.

जागच्या जागी वळण्याबद्दल सांगतो, फौंड्रीत आयुष्य गेलं त्यामुळे मला याचं वेड. आताच्या मोठ्या क्रूझ जहाजांत इंजिन थेट पंखा फिरवत नाही. इंजिनं वीज तयार करतात, ती विजेच्या मोटरला जाते आणि मोटर पंखा फिरवते. बऱ्याच जहाजांत ही मोटर तळाला बाहेर लटकणाऱ्या भांड्यात असते, त्याला पॉड म्हणतात. तो पॉडच पूर्ण गोल फिरतो, म्हणजे वेगळं सुकाणू लागत नाही. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या भागात पाण्याखाली आडवे बोगदे असतात, त्यांतले पंखे जहाजाचं तोंड डावीकडे-उजवीकडे ढकलतात. पुढचं टोक एकीकडे आणि मागचं दुसरीकडे ढकललं की जहाज भिंगरीसारखं फिरतं.

वर्ल्ड युरोपा २०२२ मध्ये फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत पूर्ण झालं आणि ते द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतं. तो वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून ठेवावा लागतो. आम्ही इकडे १४०० अंशांच्या लोखंडाशी झटतो, तिकडे त्या टाक्यांचं वेल्डिंग करणाऱ्यांना माझा नमस्कार सांगावासा वाटतो.

एक विचारतो, इंजिन रूम बघू दिली का?

प्रयागकाठ

नाही दादा. इंजिन रूम आणि कप्तानाची ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, प्रवाशांना बंदच होती. पण गल्लीतल्या बाकावर पाय टेकवले की तळव्याला बारीक थरथर लागायची, आई त्याला "गिरणी चालू आहे" म्हणायची.

रुईकर_कॉलनी

छान लिहिलंय. नेटवर या जहाजाचं वजन दोन लाख पंधरा हजार टन दिलंय. एवढं वजन, त्यावर वीस-बावीस मजले, आणि पाण्याखाली फार भाग नाही म्हणतात. मग वाऱ्याने कलंडत कसं नाही? माझ्या बायकोचा हाच प्रश्न आहे आणि तो सुटल्याशिवाय ती यायला तयार नाही.

उद्यमनगरकर

वहिनींना सांगा, प्रश्न बरोबर आहे. २,१५,८६३ हा आकडा वजनाचा नाही. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या आतली एकूण बंदिस्त जागा ठरावीक सूत्राने मोजलेली. खरं वजन त्यापेक्षा पुष्कळ कमी असतं. इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या हा सगळा जड माल तळाशी. वरचे मजले म्हणजे बहुतेक पोकळ खोल्या, पातळ पत्रा, हलकं सामान. गुरुत्वमध्य खाली राहतो. शिवाय दोन्ही कुशींतून माशाच्या परासारखे पंख बाहेर काढता येतात, लाट आली की ते आपला कोन बदलून डोलणं कमी करतात.

आणि आकाराचाच विषय निघाला म्हणून, २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं आयकॉन ऑफ द सीज याहून मोठं आहे. सुमारे ३६५ मीटर लांब, टनेज अडीच लाखांच्या जवळ.

धक्क्यावरचे_काका

प्रयागकाठ, तुमच्या आईंना माझा नमस्कार. मी मूळ रत्नागिरीकडचा, कोल्हापुरात येऊन पन्नास वर्षं झाली. लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे आगबोटीने. बोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब उभी राहायची. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी खलाशी आपल्याला दंडाला धरून शिडीवर घ्यायचा. तो क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट बघायची. डेकवर वळकट्या पसरून झोपायचं, ट्रंका उशाला, भाकरीचं गाठोडं पोटाशी.

आमच्या घरात बोटीत बसताना मोठी माणसं हात जोडायची. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट अलिबागजवळच्या रेवसला जाताना बुडाली, गटारीची अमावास्या होती. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईपासून काही मैलांवर. बोटीत माणसं जास्त, जीव वाचवायची साधनं अपुरी, समुद्र खवळलेला. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाचं श्राद्ध असायचं. त्यामुळे जॅकेट घालून बघायचा कंटाळा करणारे प्रवासी दिसले की मला राग येतो. तुमच्या आईंनी पट्टा ओढून बघितला हे वाचून फार बरं वाटलं.

बोट लागण्याचं म्हणाल तर आमचा उपाय आलेपाकाची वडी. मोकळ्या हवेत यायचं आणि नजर क्षितिजावर ठेवायची. रिकाम्या पोटी राहू नका, त्याने जास्त मळमळतं.

प्रयागकाठ

काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. पडावाचं तिने दोनदा वाचायला लावलं.

आलेपाक आम्हीही नेला होता, महाद्वार रोडवरून घेतलेला. डॉक्टरांकडून गोळ्याही लिहून घेतल्या होत्या. बार्सिलोनाच्या आदल्या रात्री थोडं हललं, आमच्या ह्यांना त्रास झाला, बाकी तिघं ठीक. केबिन घेताना मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. टोकाला आणि उंचावर हालचाल जास्त जाणवते.

ताराराणी_चौक

ताई, थोडं व्यवहाराचं. कोल्हापूरहून सगळं कसं जमवलं? व्हिसा, शाकाहारी जेवण, औषधं, फोन. आणि एकूण खर्च कुठे कुठे वाढतो?

प्रयागकाठ

व्हिसा : इटली, माल्टा, स्पेन, फ्रान्स हे सगळे शेंगेनमधले, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटातले, त्यामुळे चौघांचा एकेकच व्हिसा. अर्ज इटलीकडे केला. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, कोल्हापुरात ती सोय नाही. मोठ्यांना ९० युरो फी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. इथे एक चूक झाली ती सांगते. आम्ही एका एजंटावर सोडलं होतं, त्याने आईच्या विम्यात जन्मसाल चुकीचं टाकलं आणि ते आमच्या लक्षात आलं ठसे द्यायच्या आदल्या संध्याकाळी. रात्री दहापर्यंत फोन करून दुरुस्त करून घेतलं. कागद कुणीही केले तरी प्रत्येक ओळ स्वतः वाचा, म्हाताऱ्या माणसांच्या कागदांत पासपोर्ट आणि आधारची तारीख जुळते का ते आधी बघा.

जहाज सुटायच्या दिवशीच तिथे पोचायचा बेत करू नका. आम्ही एक दिवस आधी जेनोआत होतो. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. बंदरावर स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात तरी तेच. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा.

जेवण : केबिन, मुख्य जेवणघर, बुफे, शो हे तिकिटात. पेयं, इंटरनेट, खास रेस्टॉरंट, बंदरावरच्या सहली वेगळ्या. सेवाशुल्क माणशी दर रात्रीचं बिलात लागतं, ते आधीच धरा. दर सीझनप्रमाणे इतके बदलतात की माझा आकडा सांगून तुमची दिशाभूल होईल. खिडकी नसलेली केबिन सगळ्यात स्वस्त, बाल्कनीची बरीच महाग. आम्ही आईसाठी बाल्कनी घेतली आणि त्या पैशांचं मला जराही वाईट वाटत नाही. शाकाहारी भरपूर मिळालं, पण चव आपली नाही. आईने भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. दुधाचे पदार्थ आणि मांसाहारी पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, पेढे घेऊन जाऊ नका.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि केबिनपाशी यायला काही तास लागतात.

फोन बंदर सोडताच विमान मोडवर टाका. जहाजाचं मोबाईल नेटवर्क आपोआप पकडलं तर बिल भयंकर येतं.

कळंबा_तलाव

मनापासून लिहिलंय ते पटलं, पण एक खटकतं. एवढे पैसे खर्चून नेपल्सला जाऊन पाँपेई न बघणं मला जमलं नसतं. त्यापेक्षा आठ दिवस इटलीतच फिरलं असतं तर? आणि दुसरं, या जहाजांचा त्या गावांना होणारा त्रास. इटलीच्या सरकारने २०२१ मध्ये मोठी जहाजं व्हेनिस शहराजवळच्या पाण्यात येऊ देणं बंद केलं. बार्सिलोनाने क्रूझचे धक्के सातवरून पाचवर आणायचं ठरवलंय. रंकाळ्याच्या पाण्यासाठी आपण इथे भांडतो, तर हाही विचार व्हायला हवा.

प्रयागकाठ

दादा, दुसरा मुद्दा मलाही बोचतो. वायूवर चालणाऱ्या जहाजाच्या धुरात गंधक जवळपास नसतं हे खरं, पण न जळलेला थोडा मिथेन हवेत जातो आणि तोही तापमान वाढवतोच. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.१ टक्क्यावर आणलीय, तेवढं चांगलं पाऊल. गावांवरच्या गर्दीचं मात्र मी डोळ्यांनी बघितलं. मेसिनाच्या चर्चपुढच्या चौकात दुपारी बाराला घड्याळाच्या मनोऱ्यावरचा सोनेरी सिंह डरकाळी फोडतो, ते बघायला आम्हीच इतके जमलो होतो की एका स्थानिक आजीबाईंना पिशवी घेऊन कडेकडेने जावं लागत होतं. आईने माणसांना बाजूला करून त्यांना वाट करून दिली.

पहिल्या मुद्द्यावर मी ठाम आहे. बसने आठ दिवस आठ हॉटेलं बदलणं आईला झेपलं नसतं. इथे बॅग एकदा उघडली, आठव्या दिवशी भरली, आणि गावं स्वतः चालत आमच्याकडे आली. पाँपेई बघायला मुलगा मोठा झाल्यावर जाईल.

गॅलीतला_गडी

नमस्कार. मी गडहिंग्लजचा, दुसऱ्या एका कंपनीच्या जहाजावर स्वयंपाकघरात आहे, आता सुट्टीवर आलोय. तुम्ही जे जहाज बघितलं त्याच्या खाली अजून एक गाव असतं, ते सांगतो.

आमच्याकडे खालच्या मजल्यावर पुढून मागपर्यंत एक लांब सरळ रस्ता आहे, त्याला सगळे आय-९५ म्हणतात, अमेरिकेतल्या हायवेवरून पडलेलं नाव. पॅलेट, कपड्यांच्या गाड्या, कचरा, माणसं सगळं तिथूनच. पाच-सहा हजार माणसांचं जेवण म्हणजे आमच्या खात्यात पहाटे तीनला कांदा-बटाटा सोलायला सुरुवात. गॅस नाही, उघडी आग जहाजावर चालत नाही, सगळं विजेवर. पिण्याचं पाणी बहुतेक समुद्राच्या पाण्यातूनच तयार होतं. ओला कचरा दळून वाळवतात, बाटल्या फोडून वेगळ्या ठेवतात.

करार सहा ते नऊ महिन्यांचा, आणि त्यात रविवार नाही. नियमाने २४ तासांत निदान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे उरलेल्यात काम किती, ते तुम्हीच हिशेब करा. पोरगी पहिल्यांदा चालली ते मी माल्टाच्या धक्क्यावर बसून फोनवर बघितलं. तेवढाच अर्धा तास मिळाला होता.

तुम्हाला एक सांगायचंय. केबिन आवरणाऱ्या पोराचं नाव पहिल्याच दिवशी विचारा आणि त्याच नावाने हाक मारा. शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याचं नाव लिहा, पुढचा करार मिळायला त्याचा उपयोग होतो. आणि जेवणघरात शिरताना हात धुवा. पोटाचा संसर्ग जहाजावर फार लवकर पसरतो, एकदा सुरू झाला की खालची आम्ही माणसं दिवस-रात्र पुसत बसतो.

रुईकर_कॉलनी

भावा, हे वाचून बुफेत ताटात घेताना हात आखडता घेणार मी. बायकोलाही वाचून दाखवलं, आता ती तयार आहे. पण पहिल्यांदाच युरोप नको म्हणते. मुंबईहून काही छोटं आहे का?

उद्यमनगरकर

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज जातं, गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे. दोन ते पाच रात्रींच्या सफरी असतात. जहाज १९९० चं, टनेज ४८ हजारांच्या आसपास, म्हणजे ताईंच्या जहाजाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. जेवण आपलं, व्हिसा नाही, कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाऊन गाठता येतं. बोट लागते की नाही हे बघायला उत्तम. पावसाळा टाळा.

धक्क्यावरचे_काका

लक्षद्वीपला मीही येईन म्हणतो. तारीख ठरली की इथेच लिहा.

प्रयागकाठ

गॅलीतला गडी, तुमचा प्रतिसाद आईला आत्ता वाचून दाखवला. आमच्या केबिनचा पोरगा इंडोनेशियाचा होता. आई त्याच्याशी मराठीतच बोलायची आणि रोज सकाळी त्याच्या हातावर मूठभर भडंग ठेवायची. नाव फॉर्मवर लिहायचं आम्हाला माहीत नव्हतं, ते राहिलं, आणि ते मला आता लागलंय.

आई विचारते, परत कधी निघणार? त्याआधी एक दिवस बायको आणि पोरीला घेऊन चिखलीला जेवायला या. तांबडा-पांढरा रस्सा ती स्वतः करणार आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.